काठावरचे ऊन आणि तळातले पाणी

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात वळसंग नावाचे गाव आहे. एप्रिल महिन्यातल्या एखाद्या सकाळी, दहाच्या सुमारास, हातात कॅमेरा किंवा मोबाइल घेऊन तुम्ही या गावातून पायी फिरायला निघाला आहात अशी कल्पना करा. सोलापूर भागातले एप्रिलचे ऊन ते! रस्ता पांढरा दिसू लागलेला असतो. दुकानाच्या फळीबाहेरचे पोते लख्ख उजळलेले, तर आत बसलेला दुकानदार अंधारात. घराची पायरी उन्हात, ओसरी सावलीत आणि माजघर काळोखात. तुमचे डोळे मात्र या सगळ्यातून सहज वाट काढतात. पोत्याची वीण दिसते, तसाच दुकानदाराचा चेहराही दिसतो.

आता तुम्ही छायाचित्र काढता आणि ते पाहून निराश होता. पोते ठीक आले आहे, पण दुकानदाराच्या जागी नुसता काळा डाग आहे! चेहऱ्यावर बोट टेकवून पुन्हा चित्र घेतले, तर चेहरा आला. पण पोते आणि रस्ता यांच्या जागी पांढरा कागद ठेवल्यासारखे झाले. डोळ्यांना जे जमते ते कॅमेऱ्याला का जमत नाही? आणि जमवायचे असेल तर काय करावे लागेल? या दोन प्रश्नांची उत्तरे आज आपण शोधणार आहोत. त्यासाठी ऊन आणि अंधार यांचा सर्वांत कठीण सामना जिथे होतो, अशी एक जागा निवडू या. ती जागा म्हणजे विहीर.

विहीरच का?

वळसंगात एक विहीर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली या गावी आले होते, आणि त्या भेटीची आठवण ही विहीर सांगते. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना गावोगावच्या पाणवठ्यांवर पाणी भरू दिले जात नसे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी या अन्यायाला आव्हान दिले होते. त्यानंतर दहा वर्षांनी ते वळसंगला आले. म्हणून या विहिरीचे महत्त्व तिच्या दगडी काठापुरते नाही. ते तिच्या पाण्यात आहे.

समजा, तुमच्या शाळेने गावाच्या इतिहासाचे प्रदर्शन भरवायचे ठरवले आणि अशा विहिरीचे छायाचित्र काढण्याचे काम तुमच्याकडे आले. तुम्ही काठाशी उभे राहून चित्र घेतले. काठ सुरेख आला, पण आत काळे भोक! पाहणाऱ्याला पाणी दिसलेच नाही, तर त्या चित्राने काय सांगितले? उलट पाणी दिसावे म्हणून चित्र उजळ घेतले, तर काठ आणि काठावर उभी असलेली माणसे उन्हात विरघळून जातात. पाणी हवे की माणसे? एकाच चित्रात दोन्ही हवी असतील, तर प्रकाशाचा हिशेब समजून घ्यावा लागेल.

प्रकाशाचा पल्ला

भर उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स इतका प्रकाश पडतो. (लक्स हे प्रकाशमानाचे एकक आहे.) घराच्या आतल्या खोलीत दिवसा जेमतेम शंभर-दोनशे लक्स असतात. म्हणजे उंबऱ्याच्या अलीकडे आणि पलीकडे प्रकाशात पाचशे ते हजार पटींचा फरक पडू शकतो! एखाद्या दृश्यातला सर्वांत उजळ भाग सर्वांत अंधाऱ्या भागापेक्षा जितक्या पटींनी उजळ असतो, त्याला त्या दृश्याचा प्रकाशपल्ला म्हणू या.

छायाचित्रकार हा पल्ला ‘स्टॉप’मध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट. दोन स्टॉप म्हणजे चौपट, तीन स्टॉप म्हणजे आठपट. दहा स्टॉप म्हणजे १०२४ पट. हजार पटींचे दृश्य म्हणजे ढोबळमानाने दहा स्टॉपचे दृश्य.

मग डोळे काय करतात? आपल्या बुबुळाच्या मध्यभागी असलेली बाहुली उजेडात सुमारे २ मिलिमीटर व्यासाची होते आणि अंधारात सुमारे ८ मिलिमीटरपर्यंत उघडते. व्यास चौपट झाला की क्षेत्रफळ सोळापट होते. म्हणजे बाहुलीमुळे फार तर चार स्टॉपचा फरक पडतो. उरलेले काम डोळ्यातला पडदा करतो. तो उजेडात आपली संवेदनक्षमता कमी करतो, अंधारात वाढवतो. दुपारी उन्हातून एकदम माजघरात आल्यावर क्षणभर काही दिसत नाही आणि मग हळूहळू दिसू लागते, ते याचमुळे. पूर्ण अंधाराला सरावण्यासाठी तर डोळ्यांना अर्धा तासही लागतो.

यात एक गंमत आहे. विहिरीशी उभे असताना तुमची नजर एका जागी थांबत नाही. काठावर जाते तेव्हा डोळे काठापुरते जुळवून घेतात. पाण्यावर जाते तेव्हा पाण्यापुरते. अशा अनेक नजरा मेंदू एकत्र जोडतो आणि ‘आपण सगळे एकदम पाहिले’ असे आपल्याला वाटते. कॅमेऱ्याजवळ मात्र एकच नजर असते. शटर उघडले, मिटले, संपले!

घागरींचा हिशेब

कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे प्रकाश टिपणारी एक चकती असते. तिच्यावर लक्षावधी बारीक घरे असतात. प्रत्येक घर म्हणजे एक इवलीशी घागर आहे असे समजा. प्रकाशकण येऊन पडले की घागरीत विद्युत्कण जमतात. शटर मिटल्यावर कॅमेरा प्रत्येक घागर किती भरली ते मोजतो आणि त्यावरून चित्र तयार करतो.

या घागरींना दोन मर्यादा आहेत. पहिली, घागर एकदा काठोकाठ भरली की वरचे सगळे सांडून जाते. भरलेल्या घागरीकडे पाहून ‘निदान इतके तरी आले’ एवढेच कळते. किती सांडले ते कळत नाही. चित्रातला कोरा पांढरा भाग म्हणजे अशा ओसंडलेल्या घागरी. दुसरी मर्यादा, घागरीत अगदी थोडे जमले तर त्या मापावर भरवसा ठेवता येत नाही. प्रकाशकण मोजून मापून येत नाहीत, पावसाच्या थेंबांसारखे कसेही येतात. सरासरी १०० कण येणार असतील तर त्यात साधारण १० चा कमीजास्तपणा असतो. सरासरी ४ येणार असतील तर २ चा, म्हणजे निम्म्याचा! सावलीच्या भागात चित्र खरखरीत, दाणेदार दिसते त्याचे एक मोठे कारण हेच.

आता विहिरीचा हिशेब करू. समजा, एका घागरीत १००० कण मावतात. उन्हातल्या काठावरून दर सेकंदाला ५,००,००० कण येतात, विहिरीच्या आतल्या भिंतीवरून ८,००० आणि पाण्यावरून ५००. (हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत.) काठ आणि पाणी यांच्यात हजार पटींचा फरक आहे. आपण कॅमेरा न हलवता तीन चित्रे घेऊ.

पहिले चित्र, १/१००० सेकंद: काठ ५००, भिंत ८, पाणी अर्धा कण.
दुसरे चित्र, १/१२५ सेकंद: काठ ४००० (म्हणजे ओसंडला), भिंत ६४, पाणी ४.
तिसरे चित्र, १/१५ सेकंद: काठ ओसंडला, भिंत ५३३, पाणी ३३.

नीट पाहा. तिन्हींपैकी एकही चित्र पुरे नाही. पहिल्यात काठ उत्तम मोजला गेला, पण पाणी हरवले. तिसऱ्यात पाणी बऱ्यापैकी मोजले गेले, पण काठ हरवला. परंतु तिन्ही मिळून आपल्याजवळ सर्व माहिती आहे!

ती एकत्र कशी करायची? अगदी सोपे त्रैराशिक आहे. मोजलेल्या कणांना वेळेने भागा, म्हणजे दर सेकंदाला किती कण आले ते कळते. पहिल्या चित्रातून काठ: ५०० × १००० = ५,००,०००. तिसऱ्यातून भिंत: ५३३ × १५ = ७,९९५, म्हणजे जवळजवळ ८,०००. दुसऱ्या चित्रातून भिंतीचा पडताळा घ्या: ६४ × १२५ = ८,०००. जुळले! पाणी: ३३ × १५ = ४९५. जिथे घागर ओसंडली किंवा जवळजवळ रिकामी राहिली, ते माप टाकून द्यायचे. जिथे ती मध्यम भरली, ते माप जास्त विश्वासाचे मानायचे. असे प्रत्येक घरासाठी केले की दृश्यातल्या खऱ्या प्रकाशाचा एक नकाशा तयार होतो. यालाच एचडीआर चित्र म्हणतात. मराठीत त्याला ‘विस्तृत पल्ल्याचे चित्र’ म्हणता येईल.

प्रत्यक्षात एक अडचण येते. आपण नेहमी पाहतो त्या चित्रात कॅमेऱ्याने ही मापे जशीच्या तशी ठेवलेली नसतात. चित्र डोळ्यांना बरे दिसावे म्हणून ती आधीच वाकवलेली असतात. किती वाकवली हे कॅमेरा सांगत नाही. पण एकाच दृश्याची वेगवेगळ्या वेळेची चित्रे ताडून पाहिली, तर ते वळण चित्रांमधूनच शोधून काढता येते. अमेरिकेतील बर्कली येथे पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ साली याची एक पद्धत मांडली, आणि ती जगभर वापरली गेली. यांपैकी जितेंद्र मलिक हे मूळचे मथुरेचे आणि कानपूरच्या आयआयटीचे विद्यार्थी.

मोठा पल्ला, लहान कागद

आता आपल्याजवळ हजार पटींचा नकाशा आहे. तो दाखवायचा कशावर? चांगल्या चकचकीत छायाचित्राच्या कागदावर सर्वांत पांढरी जागा सर्वांत काळ्या जागेपेक्षा फार तर शंभर पट उजळ असते. मासिकाच्या साध्या कागदावर तर त्याहूनही कितीतरी कमी. शंभर पटींच्या कागदावर हजार पटींचे दृश्य बसवायचे, म्हणजे मोठ्या गावाचा नकाशा वहीच्या पानावर काढण्यासारखे आहे. काहीतरी आवळावे लागणार. हे आवळण्याचे काम म्हणजेच टोन मॅपिंग, अर्थात छटांची मांडणी.

संगणकाच्या नेहमीच्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. आपल्या तीन जागा या पायऱ्यांवर बसवून पाहू.

पहिली रीत: सरळ भागाकार. काठाला २५५ दिले, तर भिंतीला त्याच प्रमाणात ४ मिळतात आणि पाण्याला शून्य. म्हणजे पुन्हा काळे भोकच! एवढा खटाटोप करून हाती काहीच लागले नाही.

दुसरी रीत: फरक न पाहता पटी पाहायच्या. आपली इंद्रिये पुष्कळदा अशीच वागतात. अंधाऱ्या खोलीत एका पणतीशेजारी दुसरी लावली तर उजेड वाढलेला लगेच कळतो. शंभर पणत्यांत एक मिळवली तर कळत नाही. आकाशातल्या ताऱ्यांच्या प्रती याच तत्त्वावर ठरवल्या आहेत: पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा शंभर पट तेजस्वी असतो, पण आपण त्यांत पाचच पायऱ्या मानतो. गणितात हे काम लॉगॅरिदम करतो. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी ते स्वतः काढून पाहावे: ५,००,०००, ८,००० आणि ५०० यांचे लॉगॅरिदम अनुक्रमे ५.७, ३.९ आणि २.७ आहेत. पाण्याला २० आणि काठाला २४५ अशी जागा दिली, तर भिंतीला ११० मिळतात. तिन्ही दिसू लागली!

तिसरी रीत अमेरिकेतील यूटा विद्यापीठात एरिक राइनहार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली मांडली. तिचे सर्वांत साधे रूप आठवीच्या मुलालाही करता येईल. आधी दृश्यातला एक मध्यम भाग निवडा आणि त्याला १ माना. येथे भिंत म्हणजे १. मग काठ होतो ६२.५ आणि पाणी ०.०६२५. आता प्रत्येक संख्येला ‘ती संख्या अधिक एक’ने भागा. भिंत: १ भागिले २, म्हणजे ०.५. काठ: ६२.५ भागिले ६३.५, म्हणजे ०.९८. पाणी: ०.०६२५ भागिले १.०६२५, म्हणजे ०.०५९. यांना २५५ ने गुणले की भिंत १२८, काठ २५१ आणि पाणी १५. ही रीत किती युक्तीची आहे पाहा! संख्या कितीही मोठी घेतली तरी उत्तर कधी १ होत नाही. म्हणजे घागर कधी ओसंडत नाही. आणि संख्या लहान असेल तर ती जवळजवळ तशीच राहते. म्हणजे अंधारातले तपशील चिरडले जात नाहीत.

या सर्व रीतींत एक नियम पाळला गेला आहे: क्रम बदललेला नाही. जे खरोखर जास्त उजळ ते चित्रातही जास्त उजळ. पण सगळीकडे एकच नियम लावल्याने चित्र थोडे सपाट वाटते. काठाच्या दगडावरचे टाकीचे घाव पुसट होतात. म्हणून आणखी एक युक्ती करतात. चित्राचे दोन थर मानायचे: एक, ऊन-सावलीचे मोठे पट्टे, दुसरा, त्यांतले बारीक तपशील. पट्टे आवळायचे, तपशील तसेच ठेवायचे. जुने छायाचित्रकार अंधाऱ्या खोलीत कागदावर चित्र उतरवताना याच्या जवळचे काही करत. जो भाग फार काळा होईल त्यावर पुठ्ठ्याच्या तुकड्याची किंवा हाताची सावली धरत, आणि जो भाग फिका राही त्याला जास्त वेळ प्रकाश देत.

ही युक्ती निष्काळजीपणे केली तर मात्र चोरी पकडली जाते. विहिरीच्या काळ्या कडेभोवती उजळ वलय उमटते, जणू काठाला प्रभावळ लावली आहे! घरांच्या छपरांभोवती, झाडांच्या शेंड्यांभोवती असे वलय दिसले की समजावे, छटांची मांडणी चुकली. वलय टाळायचे तर प्रकाश जिथे एकदम बदलतो ती कड ओळखून तिच्या अलीकडचे आणि पलीकडचे वेगळे ठेवावे लागते. पवईच्या आयआयटी मुंबईत शण्मुगनाथन रामन आणि सुभाषिस चौधुरी यांनी २००९ साली कड जपणाऱ्या अशाच एका गाळणीचा उपयोग करून कमी-जास्त उजेडाची चित्रे थेट एकत्र करण्याची रीत मांडली होती. तिच्यात मधला प्रकाशाचा नकाशा तयार करावाच लागत नाही.

चालता चालता

आतापर्यंत आपण ‘कॅमेरा न हलवता’ असे म्हणत आलो. पण पायी फिरणाऱ्याजवळ तिपाई कुठली? शिवाय गाव काही आपल्यासाठी थांबत नाही.

माणूस साधारण ताशी ५ किलोमीटर वेगाने चालतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर. १/१५ सेकंदात तो सुमारे ९ सेंटिमीटर पुढे जातो, १/१२५ सेकंदात सुमारे एक सेंटिमीटर आणि १/१००० सेकंदात दीड मिलिमीटरही नाही. म्हणून तिसऱ्या, लांब वेळेच्या चित्रात विहिरीवर आलेली बाई फिसकटलेली दिसेल. आणि तीन चित्रांमध्ये अर्ध्या अर्ध्या सेकंदाचे अंतर असेल, तर ती दर चित्रात ७० सेंटिमीटर पुढे सरकलेली असेल. अशी चित्रे एकमेकांवर ठेवली की एका बाईच्या जागी तीन पारदर्शक बायका दिसतात! छायाचित्रकार याला ‘भूत’ म्हणतात. त्यावर उपाय असा: हलणाऱ्या माणसापुरते एकाच चित्रातले माप घ्यायचे आणि न हलणाऱ्या भागांसाठी तिन्ही चित्रे वापरायची.

आजच्या पुष्कळ मोबाइलमध्ये आणखी शहाणपणाची रीत असते. तुम्ही बटण एकदाच दाबता, पण आत तो भराभर अनेक कमी वेळेची चित्रे घेतो, ती एकमेकांशी जुळवतो आणि त्यांची बेरीज करतो. १/१२५ सेकंदाच्या एका चित्रात पाण्याचे ४ कण मिळाले होते; अशा आठ चित्रांची बेरीज ३२, म्हणजे १/१५ सेकंदाच्या एका चित्राइतकी! हाताची थरथर प्रत्येक चित्रात थोडी, आणि जुळवणीने तीही निघून जाते. नऊ चित्रांची सरासरी घेतली तर खरखर तिसऱ्या हिश्शावर येते, सोळांची घेतली तर चौथ्या हिश्शावर. खरखर वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, हे तुमच्या ध्यानात आले असेलच.

तुम्ही स्वतः चित्रे घेणार असाल तर खांबाला किंवा कडुनिंबाच्या बुंध्याला पाठ टेका, कोपरे अंगाशी धरा आणि श्वास सोडून बटण दाबा. आणि ज्यांचे चित्र घ्यायचे त्यांना आधी विचारा. सावलीत बसलेला माणूस चित्रात यावा म्हणून एवढे गणित करायचे, आणि त्यालाच न विचारता निघून जायचे, हे बरे नव्हे.

चित्र खरे कधी?

ही कल्पना संगणकाच्या युगात जन्मली असे मात्र समजू नका. फ्रान्समधील गुस्ताव ल ग्रे हे १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची छायाचित्रे घेत. त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशाला फार लवकर भुलत. समुद्र नीट आला की आकाश कोरे होई. तेव्हा ल ग्रे यांनी समुद्राची एक काच आणि आकाशाची दुसरी काच वापरून दोन्ही एका कागदावर उतरवली. पुढे अणुस्फोटांच्या चाचण्यांच्या काळात चार्ल्स वायकॉफ यांनी वेगवेगळ्या संवेदनक्षमतेचे तीन थर असलेली फिल्म तयार केली, कारण स्फोटाचा लोळ आणि त्याच्या कडा एकाच फिल्मवर हव्या होत्या. कमी-जास्त उजेडाची अंकीय चित्रे एकत्र करण्याची रीत स्टीव्ह मान आणि रोझालिंड पिकार्ड यांनी १९९५ साली मांडली.

मग एक प्रश्न उरतो. असे जोडून, आवळून केलेले चित्र खरे म्हणायचे का? ज्यात पाणी काळे भोक दिसते ते एका झटक्यात घेतलेले चित्र तरी खरे कुठे आहे? विहिरीत पाणी होते, तुम्ही ते डोळ्यांनी पाहिले होते. कॅमेऱ्याने ते गाळले. तीन चित्रांच्या हिशेबाने ते परत आले, कारण ते प्रकाशकण खरोखर आले होते आणि मोजले गेले होते. येथपर्यंत आपण काहीही घातलेले नाही. पण छटांची मांडणी करताना ताबा सुटला, की गढूळ पाणी निळेशार होते, काठाचे दगड सोन्यासारखे चमकतात आणि साध्या आकाशात वादळ जमते. तेव्हा चित्र सांगू लागते ते तिथे नसलेलेच.

इतिहासाच्या प्रदर्शनात लावायच्या चित्रासाठी म्हणून तीन पथ्ये पाळा. मूळची सर्व चित्रे जपून ठेवा. चित्राखाली दिवस, वेळ, किती चित्रे जोडली आणि काय बदल केला ते लिहा. आणि पुरे झालेले चित्र घेऊन पुन्हा त्या जागी जा. काठावर उभे राहून चित्राकडे आणि विहिरीकडे आळीपाळीने पाहा. नेहमी तिथे येणाऱ्या एखाद्या आजीबाईंना दाखवा. ‘हे आमच्या विहिरीचंच पाणी’ असे त्या म्हणाल्या, की तुमची मांडणी बरोबर आली असे समजा.

करून पाहा

(विहिरीजवळ एकट्याने जाऊ नका, घरातले मोठे माणूस बरोबर असू द्या. काठावरून वाकू नका. सूर्याकडे थेट पाहू नका आणि कॅमेराही सूर्याकडे रोखू नका.)

१. घराच्या उंबऱ्याशी उभे राहा. अंगण आणि आतली खोली दोन्ही येतील असे पाहून मोबाइलवर आधी अंगणावर बोट टेकवून आणि मग खोलीवर बोट टेकवून एकेक चित्र घ्या. कोणत्या चित्रात काय हरवले त्याची यादी करा.

२. मोबाइलमध्ये शटरची वेळ हाताने ठरवण्याची सोय असेल तर १/१०००, १/१२५ आणि १/१५ सेकंद अशी तीन चित्रे खांबाला टेकून घ्या. एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत वेळ सुमारे किती पट झाली? किती स्टॉप झाले?

३. कमाल पल्ल्याचा दिवस आणि किमान पल्ल्याचा दिवस! वळसंग सुमारे १७.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून १० मेच्या सुमारास, आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, तिथे दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य नेमका डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली काही मिनिटे नाहीशी होते. त्या वेळी ऊन सरळ विहिरीच्या तळापर्यंत उतरते. सकाळी नऊला आणि या वेळी, एकाच जागेवरून आणि एकाच शटरवेळेने चित्रे घेऊन ताडून पाहा. जे काम एरवी आपण तीन चित्रे आणि एक भागाकार वापरून करतो, ते त्या दुपारी सूर्य स्वतःच करतो. तुमचे गाव दुसऱ्या अक्षांशावर असेल तर तुमचा दिवस कोणता, ते भूगोलाच्या गुरुजींना किंवा बाईंना विचारून काढा.

४. वरच्या उदाहरणात भिंतीऐवजी पाण्यालाच १ मानले, तर तिसऱ्या रीतीने काठ, भिंत आणि पाणी यांना किती पायऱ्या मिळतील? पाणी तर छान उजळेल, पण काठ आणि भिंत यांच्यातला फरक किती उरेल? गणित करा, आणि मग ठरवा: मध्यम भाग कोणता मानायचा हे यंत्रावर सोडावे, की चित्र काढणाऱ्याने ठरवावे?